सोलर स्ट्रक्चरला गंज नको? मग कोटेशनमध्ये ‘जीआय’ नाही, मायक्रॉन लिहा



फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती ३ किलोवॅट आणि त्यावरच्या सिस्टिमला ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी आहे, त्यामुळे या धंद्यात उतरायचं म्हणणारेही वाढलेत. चर्चा सगळी पॅनल आणि इन्व्हर्टरच्या ब्रँडची. पण त्यांची वॉरंटी कंपनी देते. पॅनलची परफॉर्मन्स वॉरंटी तर साधारण २५ वर्षांची असते. स्ट्रक्चर मात्र तुम्ही बनवून देता. ते गंजलं तर फोन तुम्हालाच येणार!

जस्त काय काम करतं?

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज सुरू होतो. खारा वारा किंवा एमआयडीसीतला केमिकलचा धूर असेल तर आणखी लवकर. जस्ताचा थर लोखंडाला झाकतो, आणि छोटा ओरखडा पडला तरी आधी स्वतः झिजतो. म्हणजे हा थर तुमचा बँक बॅलन्स समजा. दरवर्षी त्यातून थोडा खर्च होतोच. सुरुवातीला जमा किती केलं, यावर आयुष्य ठरतं.

‘जीआय’ म्हणजे नेमकं कोणतं?

इथेच नवीन माणूस फसतो. बाजारात दोन प्रकार मिळतात.

• प्री-गॅल्व्हनाइज्ड: आधी पत्र्याला जस्त, मग त्याचा पाइप किंवा चॅनल. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम, एका बाजूला जेमतेम ८-९ मायक्रॉन. २७५ जीएसएम असेल तर सुमारे २० मायक्रॉन.
• हॉट डिप: तयार झालेला माल सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. सोलरच्या कामात यात ८० मायक्रॉन मागतात.

आता हिशेब करू. मराठवाड्यातल्या कोरड्या गावात जस्त वर्षाला एक मायक्रॉनपेक्षाही कमी झिजू शकतं. रत्नागिरी-मालवणसारख्या किनारी भागात २ ते ४ मायक्रॉन धरा. तिथे २० मायक्रॉनचा थर ५ ते १० वर्षांत संपेल, ८० मायक्रॉनचा किमान २० वर्षं जाईल. अगदी समुद्राला लागून घर असेल तर झीज याहून जास्त होते, म्हणून गॅल्व्हनाइझिंगवर योग्य पेंटही घ्या.

साइटवर या चार गोष्टी सांभाळा

१. कटिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग सगळं डिपिंगच्या आधी करा. बंद पाइपला व्हेंट होल ठेवायला फॅब्रिकेटरला सांगा, नाहीतर गरम जस्तात पाइप फुटू शकतो. साइटवर कापावंच लागलं तर वायर ब्रशने साफ करून झिंक-रिच पेंटचे दोन कोट द्या. नुसता सिल्व्हर पेंट मारला तर फक्त रंग जुळतो, संरक्षण मिळत नाही.

२. नट-बोल्ट एसएस ३०४ चे, समुद्राजवळ ३१६ चे. साधे बोल्ट वापरले तर गंज तिथूनच दिसायला लागतो.

३. पाणी साचू देऊ नका. पाइपच्या उघड्या तोंडाला कॅप लावा आणि बेस प्लेटभोवतीच्या काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार द्या.

४. माल पावसात एकावर एक रचून ठेवू नका. मध्ये पाणी अडकलं की जस्तावर पांढरा गंज येतो. खाली लाकडी पट्ट्या ठेवा, मध्ये हवा खेळू द्या.

आता धंद्याचं बोलू

समोरच्याचं कोटेशन तुमच्यापेक्षा कमी असेल, आणि त्यात फक्त ‘जीआय स्ट्रक्चर’ लिहिलेलं असेल. तुम्ही लगेच रेट पाडू नका. तुमच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा: हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, किमान ८० मायक्रॉन, एसएस ३०४ फास्टनर. मग ग्राहकाला शांतपणे म्हणा, “दादा, त्यांनाही मायक्रॉन विचारा.” वरचा हिशेब कागदावर करून दाखवा.

गॅल्व्हनायझरलाही मायक्रॉन लेखी द्या, कारण पातळ मालावर थर कमी बसतो. माल आला की कोटिंग थिकनेस गेजने तीन-चार ठिकाणी मोजा. जमलं तर ग्राहकासमोरच मोजा आणि आकडे बिलासोबत द्या.

दर पावसाळ्यानंतर एक व्हिजिट ठेवा: बोल्ट, वेल्डिंग, पायाची जागा तपासा, गरज असेल तिथे टचअप करा. ही व्हिजिट एएमसीत धरली तर दरवर्षी उत्पन्न येतं, आणि त्याच गल्लीतलं पुढचं कामही मिळू शकतं.

तुमच्या भागात फॅब्रिकेटर कोणता माल देतो? आज दुकानात जाऊन जीएसएम विचारा आणि कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!