तीन सेलची बॅटरी

उजनीच्या कालव्याखालचा ऊस असो की माळावरची विहीर, सोलापूर जिल्ह्यात रात्रीची लाइट आली की शेतकरी मोटार चालू करायला निघतो. एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी. थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी फिरत मिळत आली. त्यामुळे दारं धरण्याचं निम्मं काम अंधारातच. फुटलेला पाट लांबून दिसायला हवा, आणि घोणस पाय पडायच्या आत.

जुन्या पितळी बॅटरीची करामत बल्बात नाही. साडेचार व्होल्टचा तो बल्ब उघडा पेटवला तर उजेड चहूकडे सांडतो. प्रकाश सरळच जातो, पण प्रत्येक किरणाची वाट वेगळी. 10 मीटरवर पडतो त्याच्या चौथाईच उजेड 20 मीटरवर पडतो. करामत आहे ती बल्बामागच्या चकचकीत वाटीची. तिचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा. नाभीतून निघालेला किरण अशा वाटीवर कुठेही आपटो, परतताना तो अक्षाला समांतरच निघतो. साध्या गोलाकार वाटीत कडेचे किरण फितूर होतात.

अडचण एकच. नाभी हा बिंदू, बल्बाची तार मात्र बिंदू नव्हे. तार 1 मिलिमीटरची आणि वाटीपासून सेंटिमीटरभर दूर असली, तर 50 मीटरवर झोत साधारण 5 मीटर रुंद होतो. तारही नेमकी नाभीवर यावी लागते. म्हणून काही बॅटऱ्यांचं डोकं फिरतं. जाणता माणूस बांधावरच्या लिंबाच्या बुंध्यावर झोत टाकतो आणि मधला काळसर डाग जाईपर्यंत डोकं फिरवत राहतो. ती वाटी मात्र धोतराच्या सोग्याने पुसू नये. ॲल्युमिनियमचा थर अगदी पातळ, एकदा चरे पडले की उजेड विस्कटलाच.

एलईडीने सेलचा खर्च वाचवला, हे कबूल. पण मोबाइलच्या एलईडीला अशी खोल वाटी नसते. तिचा उजेड जवळच पसरून संपतो. चुलीपाशी ठीक, बांधावर नाही.

दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली. ती तुमच्या फिडरवर पोचेपर्यंत रुंद तोंडाची बॅटरी घ्या, आणि मोबाइलच्या भरवशावर रात्री पाण्याला जाऊ नका.