मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर

टोयोटाच्या 2020 च्या अमेरिकी ताफ्यात ॲव्हलॉन या तिच्या सगळ्यात मोठ्या सेडानची एक खास आवृत्ती होती. काळीकुट्ट 19 इंची चाकं, डिकीवर छोटासा स्पॉयलर, 15 मिलिमीटर खाली आणलेली बॉडी, मुद्दाम घुमेल असा एक्झॉस्ट आणि आत लालभडक सीटबेल्ट. शिवणीचा दोराही लाल. नावापुढे 'टीआरडी' ही टोयोटाच्या रेसिंग विभागाची अक्षरं. तरुणांना घाम फोडणाऱ्या गाड्यांवर मिरवणारी ही अक्षरं ज्या गाडीवर चिकटली, ती तोवर अमेरिकेत निवृत्तीला टेकलेल्या डॉक्टरांची, विमा एजंटांची आणि रविवारी चर्चला जाणाऱ्या आजीआजोबांची गाडी म्हणून ओळखली जात होती. मोटारींवर लिहिणारे तिला 'जपानी ब्यूइक' म्हणायचे. त्यात कौतुक होतं आणि टोमणाही.

ॲव्हलॉन भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, त्यामुळे आपल्याकडे हे नाव फारसं कानावरून गेलेलं नाही. पण आरामासाठी जन्माला आलेल्या गाडीला स्पोर्टी आणि हायटेक करायला निघालं की काय काय घडतं, हे पाहायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही.

तिचा जन्म 1994 चा, केंटकी राज्यातल्या जॉर्जटाउनच्या कारखान्यातला. टोयोटाची क्रेसिडा ही सेडान नुकतीच बंद झाली होती. कॅम्रीपेक्षा मोठी गाडी हवी, पण टोयोटाच्याच महागड्या लेक्ससचे पैसे मोजायचे नाहीत, अशा गिऱ्हाइकाला द्यायला कंपनीच्या अमेरिकी शोरूममध्ये काही उरलं नव्हतं. जे होतं ते अमेरिकी कंपन्यांकडे: ब्यूइक, मर्क्युरी, फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया. लांबलचक, मऊमऊ, लाटांवर डुलत जाणाऱ्या गाड्या. टोयोटाने कॅम्रीचाच सांगाडा ताणला, तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन बसवलं आणि अमेरिकी चवीचा एक खास मसाला टाकला: पुढे सलग बाकासारखी सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, म्हणजे पुढे तिघं, मागे तिघं. जपानी कंपनीने सहा माणसांची सेडान विकावी, हे त्या काळी थोडं गमतीचंच होतं.

'फुल-साइज' हा शब्द तिकडे नुसता जाहिरातीचा नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सेडानचा वर्ग ठरवते तो बाहेरच्या लांबीवरून नव्हे; आत माणसांना आणि सामानाला मिळून किती जागा आहे, यावरून. 120 घनफूट किंवा त्याहून जास्त भरली, की गाडी 'लार्ज'. लांबीने कोणाच्या डोळ्यात न भरणारी पहिली ॲव्हलॉन या हिशेबाने मोठ्यांच्या पंगतीत जाऊन बसली.

2005 च्या तिसऱ्या पिढीत पुढचा बाक गेला, पण मागच्या प्रवाशाचे लाड कळसाला पोचले. मागच्या सीटची पाठ मागे कलायची आणि मधला बोगद्यासारखा उंचवटा जवळजवळ नाहीसा झाल्याने मधल्या माणसालाही पाय ठेवायला जागा मिळायची. त्या वर्षी अमेरिकेत जवळपास 95 हजार ॲव्हलॉन विकल्या गेल्या. पुन्हा तो आकडा तिला कधी गाठता आला नाही.

मग घसरण. त्यात 2008 च्या मंदीचा वाटा होताच, पण खरी अडचण गिऱ्हाइकाच्या वयाची होती. साठी ओलांडलेली माणसं एकनिष्ठ असतात, गाडी नीट सांभाळतात, आणि म्हणूनच पुढची गाडी घ्यायला त्यांना घाई नसते. 2012 पर्यंत वर्षाची विक्री तीस हजारांच्या आत आली.

याच सुमारास टोयोटात वारं फिरलं होतं. 2009 मध्ये अध्यक्ष झालेले अकिओ टोयोडा स्वतः शर्यतीत गाडी चालवणारे. 'तुमच्या गाड्या टिकतात, पण कंटाळवाण्या असतात' हा शेरा त्यांच्या जिव्हारी लागत असे, आणि ते तो उघडपणे बोलूनही दाखवत. एप्रिल 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑटो शोमध्ये चौथी ॲव्हलॉन मंचावर आली, ती या वाऱ्याचं पहिलं मोठं फळ. रेखाटन कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी स्टुडिओच्या मंडळींचं, अभियांत्रिकी मिशिगनमधल्या ॲन आर्बरची, बांधणी केंटकीतली. म्हणजे जपानी नाव सोडलं तर गाडी पुरती अमेरिकन.

छत मागे उतरत गेलेलं, कंबरेची रेघ ताणलेली. लांबी 5.02 मीटरवरून 4.96 वर आली, वजन 50 किलोने घटलं. स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या पट्ट्या आल्या, 'इको', 'नॉर्मल' आणि 'स्पोर्ट' असे तीन मोड आले. मागची कलणारी सीट मात्र गेली. कंपनीने ही गोष्ट जाहिरातीत सांगितली नाही, कोण सांगेल? पण गाडीचं तोंड कोणत्या सीटकडे वळलं, हे त्या एका वजाबाकीवरून कळतं.

गंमत म्हणजे इंजिन तेच होतं. साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स, 268 हॉर्सपॉवर. आधीच्या पिढीतही तितकीच. स्पोर्टीपणा आणला तो सस्पेन्शनमधून, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण 'स्पोर्टी' शब्द जितका सैल वापरला जातो तितकी त्यामागची यंत्रविद्या सैल नसते.

मऊ स्प्रिंगची गाडी खड्डा गिळते, पण वळणावर झुकते आणि ब्रेक दाबला की नाक खाली घालते. कडक स्प्रिंग लावली की झुकणं थांबतं, पण रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीला कळतो. शॉकअप स्प्रिंगची उसळी किती लवकर शमवायची ते ठरवतो. दोन्ही चाकांना जोडणारा अँटी-रोल बार एका बाजूचं झुकणं दुसऱ्या बाजूवर टेकवून रोखतो. हे सगळं ज्या बॉडीला जोडलेलं असतं ती बॉडीच पिळवटत असेल, तर स्प्रिंगची मोजमापं कितीही अचूक ठेवा, चाक भलतीकडेच बघतं. म्हणून बॉडी आधी ताठ करायची आणि मग स्प्रिंग थोडी मऊ ठेवली तरी चालते. आराम आणि पकड या दोन सवती एका घरात नांदवायची हीच काय ती वाट.

2013 च्या मॉडेलला ही वाट अर्धीच सापडली. अमेरिकी समीक्षकांनी वळणावरच्या वागण्याचं कौतुक केलं; खराब रस्त्यावर, विशेषतः मोठ्या चाकांच्या आवृत्तीत, जुनं मखमल राहिलं नाही अशी कुरकुरही केली. तंत्रज्ञानात मात्र तिने खरंच बाजी मारली. मोबाइल नुसता ठेवला की चार्ज करणारी 'ची' मानकाची वायरलेस पट्टी कारखान्यातून बसवून देणारी ही पहिली गाडी. आज आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या एसयूव्हीतही ती असते, पण तेव्हा असला मोबाइलच फार थोड्यांकडे होता. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा रडारचा क्रूझ कंट्रोल वरच्या आवृत्त्यांत मिळे. एसी आणि रेडिओची बटणं जाऊन तिथे स्पर्शाने चालणारी गुळगुळीत पट्टी आली. दिसायला देखणी, वापरायला वैताग: डोळे रस्त्यावर ठेवून बोट कुठे टेकवायचं ते कळत नाही. पुढच्या पिढीत टोयोटाने पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाबता येणारी खरीखुरी बटणं परत आणली, यातच काय ते आलं.

आणि हायब्रीड. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मोटार मिळून 200 हॉर्सपॉवर, अमेरिकी मोजणीप्रमाणे लिटरला सुमारे 17 किलोमीटर. इतक्या ऐसपैस गाडीला हे ॲव्हरेज! माझ्या मते त्या पिढीतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच, आणि तिचा स्पोर्टीपणाशी काडीचा संबंध नव्हता. 2013 साली विक्री सत्तर हजारांवर गेली. कंपनीला वाटलं, जमलं.

पाचवी ॲव्हलॉन जानेवारी 2018 मध्ये डेट्रॉइटच्या शोमध्ये दाखवली गेली. यावेळी पायाच नवा, टोयोटाच्या टीएनजीए बांधणीचा. बॉडी ताठ झाली, दोन चाकांमधलं अंतर पाच सेंटिमीटरने वाढून 2.87 मीटर झालं, मागची जुनी स्ट्रटची रचना जाऊन मल्टिलिंक आली. हायब्रीडची बॅटरी डिकीतून उठून मागच्या सीटखाली गेली, त्यामुळे डिकी पूर्ण मोकळी झाली आणि वजनही खाली उतरलं. 2013 मध्ये अर्धी राहिलेली वाट इथे पुरी झाली: ही गाडी मऊही होती आणि वळणावर शहाणीही. टूरिंग आवृत्तीत रस्ता पाहून शॉकअपचा कडकपणा क्षणाक्षणाला बदलणारी यंत्रणा होती. व्ही-सिक्स 301 हॉर्सपॉवरचं झालं, गिअर आठ. टक्कर टाळणारा ब्रेक आणि लेन सोडली की सावध करणारी यंत्रणा सगळ्या आवृत्त्यांत आली, जास्तीचे पैसे न मागता. अमेरिकेत टोयोटाने ॲपल कारप्ले पहिल्यांदा याच गाडीत दिलं. अँड्रॉइडवाल्यांना 2021 च्या मॉडेलपर्यंत वाट पाहावी लागली.

पण चेहरा! जवळजवळ जमिनीपर्यंत आलेली काळी जाळी, तिच्यावर टेकलेले बारीक दिवे. कुठल्याशा चौकात ती मागून आरशात दिसली तर माणूस आपसूक बाजूला होईल. टूरिंगमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवायची सोय होती. म्हणजे एकीकडे काचा जाड करून, अस्तर भरून बाहेरचा गोंगाट आत येऊ द्यायचा नाही, आणि दुसरीकडे 'स्पोर्ट' मोडमध्ये इंजिनाची गुरगुर वाजवून दाखवायची. इतर कंपन्याही हे करतात. तरीही साठीच्या माणसाच्या गाडीत हे असावं, याचं मला हसू येतं.

याच टीएनजीए पायावरची एक गाडी जानेवारी 2019 मध्ये आपल्याकडे आली: बंगळुरूजवळच्या बिडदीत जुळवलेली कॅम्री हायब्रीड. इंजिनही ॲव्हलॉन हायब्रीडच्याच कुळातलं, अडीच लिटरचं. पण तिच्यात काय होतं पाहा. मागची सीट बटणावर कलायची, मधल्या हातटेकीवर एसी, गाणी आणि मागच्या काचेचा पडदा यांची बटणं होती. एकाच मुशीतून निघालेल्या दोन गाड्या, अमेरिकेत लाल सीटबेल्ट लावून स्टिअरिंगमागे बसलेली आणि भारतात ड्रायव्हरच्या मागे, डावीकडे, पाय पसरून. आपल्याकडे एवढी सेडान घेणारा बहुतेक वेळा स्वतः चालवत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. इथे गिऱ्हाइकाला जे हवं ते दिलं गेलं. अमेरिकेत जे गिऱ्हाईक हवं होतं त्याच्यासाठी गाडी बनवली गेली.

आणि ते गिऱ्हाईक आलं नाही. नवी ॲव्हलॉन शोरूममध्ये पोचत होती त्याच सुमारास, एप्रिल 2018 मध्ये, फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या जवळपास सगळ्या सेडान बंद करणार असल्याचं जाहीर केलं. फोर्डची टॉरस 2019 मध्ये संपली, शेव्हरोलेची इम्पाला 2020 च्या फेब्रुवारीत. खुद्द टोयोटात 2017 सालीच रॅव-फोर या एसयूव्हीने कॅम्रीला मागे टाकलं होतं, वर्षाला चार लाखांहून जास्त विक्री करून.

गिऱ्हाईक सेडान सोडून एसयूव्हीकडे का वळलं, याची कारणं सांगताना मोटार-पत्रकार पेट्रोलचे भाव, फॅशन, सामानाची जागा असं बरंच काही मोजतात. मला त्यातलं एक सगळ्यांत वजनदार वाटतं: सीटची उंची. गाडी स्पोर्टी करायची तर ती खाली आणावी लागते, बसणाऱ्याला खाली न्यावं लागतं. पाचव्या पिढीत तेच केलं गेलं, टीआरडीत आणखी 15 मिलिमीटर. गिऱ्हाईक मात्र वर चाललं होतं. एसयूव्हीत शिरताना वाकावं लागत नाही, उतरताना हाताचा रेटा द्यावा लागत नाही, माणूस आडवा सरकून थेट बसतो. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या आईबाबांना विचारा, गुडघ्यांचं मत लगेच कळेल. ॲव्हलॉनचं जुनं, हक्काचं गिऱ्हाईकही याच वयाचं होतं. त्याला गाडी वळणावर कशी धावते याच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि ज्याला होतं तो तरुण एवढ्या पैशात जर्मन बिल्ला शोधत होता.

2021 मध्ये अमेरिकेतली विक्री वीस हजारांच्या आत राहिली. शेवटच्या दोन वर्षांत फोर-व्हील ड्राइव्हचा पर्याय आणि हायब्रीडला लिथियम-आयन बॅटरी देऊन झाली. दोन्ही सुधारणा रास्त होत्या, उशिराच्या होत्या. 2022 च्या मॉडेलनंतर केंटकीत ॲव्हलॉन बनणं थांबलं. टीआरडी आवृत्ती त्याआधीच यादीतून गेली होती.

तिच्या जागी 2023 मध्ये आलेली क्राउन जपानमधून येते. सगळ्या आवृत्त्या हायब्रीड, सगळ्या फोर-व्हील ड्राइव्ह, वरची 340 हॉर्सपॉवरची, म्हणजे टीआरडी ॲव्हलॉनपेक्षाही जोरकस. पण कंपनीने यावेळी लाल सीटबेल्ट लावले नाहीत. सेडानचीच डिकी ठेवून छत ॲव्हलॉनपेक्षा दहा सेंटिमीटर उंच केलं आणि सीटही वर घेतली. चीनमध्ये मात्र ॲव्हलॉन संपली नाही. 2019 पासून एफएडब्ल्यू-टोयोटा ती तियानजिनमध्ये बनवते, आणि अमेरिकेत ती बंद झाल्यानंतरही तिथे विकली जात राहिली. लांब सेडान घेताना मागे किती ऐसपैस बसता येतं, हे तिथली कुटुंबं आधी पाहतात.