चेतकचा कार्बोरेटर: जुना भाग घेताना

आकुर्डीत बजाज ऑटोने 1972 साली चेतक आणली. कंपनीने स्कूटर थांबवल्या 2009 मध्ये. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले आणि बहुतेक दुचाकींवर इंधन इंजेक्शन आले. तरी जुन्या टू-स्ट्रोक चेतकचे मालक अजून चांगल्या कार्बोरेटरच्या शोधात असतात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, भोसरी-चिंचवडची जुनी गॅरेजेस, भंगारवाले: शोध बहुधा इथूनच सुरू होतो.

या इंजिनात कार्बोरेटर थेट क्रँककेसवर, दोन लांब स्टडवर बसतो. नट जोरात आवळले की त्याची बैठक वाकते, स्लाइड अडकते आणि फटीतून हवा शिरते. मग मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो. म्हणून घेण्याआधी बैठक सपाट काचेवर ठेवून पाहा. किंचित वाक असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून, आठच्या आकड्यासारखा हात फिरवत घासता येतो. पॅकिंग मात्र नवेच टाका.

पितळी जेटमध्ये तार कधीही घालू नका. त्यावरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. तारेने तोच बिघडतो. सॉल्व्हंटमध्ये भिजवून हवेचा झोत मारला की पुरते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते, म्हणून फ्लोटच्या सुईचे टोक आणि पेट्रोलची नळी बदला. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल संपवूनच ठेवा.