जुनी मोटार, मागचे बाक आणि नातवंडे

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बागाईतदारांच्या घरी, अंगणात किंवा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली जपून ठेवलेली एखादी जुनी मोटार अजूनही दिसते. कुठे पद्मिनी, कुठे अँबॅसडर, तर एखाद्या हौशी घरी दोन दारांची, बुटकी, जुन्या घाटाची स्पोर्ट्स कार. उसाचे बिल हाती आल्यावर घेतलेली ती गाडी म्हणजे घरातील एका पिढीच्या कष्टाची खूण असते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पुण्या-मुंबईहून मुले-सुना येतात, ताडपत्री निघते, बॅटरी चार्ज होते आणि नातवंडे धावत जाऊन मागच्या बाकावर बसतात. रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन असो, की दौंडवरून भीमेपलीकडे सिद्धटेकला जाणे असो, आजोबांच्या गाडीतून जाण्याची मौज काही निराळीच.

याच क्षणी अनेक घरांत एक लहानसा वाद उभा राहतो. सून म्हणते, “या गाडीत मागे पट्टे नाहीत, बाळाला नको.” आजी म्हणते, “अगं, मी मांडीवर घट्ट धरते की. आमची मुले याच बाकावर वाढली.” दोघींच्याही बोलण्यामागे माया आहे. तथापि शरीरशास्त्र आणि गतीचे नियम मायेला दाद देत नाहीत. म्हणून हा प्रश्न भावनेपलीकडे जाऊन नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मांडी म्हणजे पट्टा नव्हे

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला मुळीच जास्त वाटत नाही. पण या वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली, तर आतील माणसाला बसणारा धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. गाडीचा पुढचा भाग चेपत ती अर्ध्या-पाऊण मीटरच्या अंतरात थांबली, तर त्या क्षणी १० किलो वजनाच्या बाळाचा भार दीडशे किलोंच्या आसपास जातो. हा भार पेलण्याची ताकद कोणत्याही हातांत नाही. पहिलवानाच्याही नाही, मग सत्तरीतल्या आजीच्या कोठून असणार?

त्यातही आजीने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तिचे संपूर्ण वजन बाळावर येते आणि पुढच्या सीटची पाठ व आजीचे शरीर यांच्यामध्ये ते सापडते. स्वतःला लावलेला पट्टा बाळावरून घेऊन दोघांना एकत्र बांधणे हाही अनेकांना सुरक्षित वाटणारा उपाय. पण त्यात मोठ्या माणसाचा भार पट्ट्यावाटे थेट बाळाच्या पोटावर येतो. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात, मानेचे मणके झिजलेले असतात. अचानक दाबलेल्या ब्रेकनेही मनगट, बरगडी किंवा मणका मोडू शकतो. तेव्हा पट्ट्याची गरज नातवाइतकीच आजीलाही आहे.

जुन्या गाडीत काय नसते

आज आपण वापरतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला. आपल्याकडच्या मोटारींत पुढच्या सीटला तो सक्तीने येण्यास १९९४ साल उजाडले. मागच्या सीटला त्याहूनही उशीर झाला. त्यामुळे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये तयार झालेल्या जुन्या फियाट आणि पद्मिनी, तसेच त्या काळातील इतर गाड्या यांच्या मागच्या बाकाला पट्टे नसणे हेच स्वाभाविक होते. डोके टेकायला हेडरेस्ट नाही, एअरबॅग नाही, बालआसन अडकवायचे आकडे नाहीत, आणि फियाटसारख्या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक.

योगायोग असा, की आज फियाटचा कारखाना शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी तीन टोकांचे पट्टे आणि बालआसन अडकवण्याची सोय असते. दोन्ही गाड्यांच्या घराण्याचे नाव एकच. मागच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दोन दारांच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा प्रश्न याहून बिकट असतो. १९६३ साली जगापुढे आलेली पोर्शे ९११ किंवा १९६६ची जग्वार ई-टाइपची लांब आवृत्ती यांसारख्या गाड्यांना ‘दोन अधिक दोन’ म्हणतात. पुढे दोन पूर्ण सीट आणि मागे दोन नावापुरत्या. त्या मागच्या जागेत मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत, म्हणून “ती मुलांसाठीच आहे” असा समज रूढ झाला. वस्तुतः मागची पाठ जवळजवळ सरळ, काच डोक्याला लागून आणि खोली इतकी अपुरी, की तान्ह्या बाळाचे मागे तोंड करून बसवायचे आसन तेथे सहसा मावतच नाही. शिवाय बाहेर पडायचे तर पुढची सीट वाकवूनच. काही जुन्या गाड्यांत त्या वाकणाऱ्या पाठीला खटकाही नसतो. मद्रासला तयार होणारी आपली स्टँडर्ड हेरल्डही सुरुवातीच्या वर्षांत दोन दारांचीच होती. अपघातात किंवा आग लागल्यास मागे बसलेले मूल स्वतःहून बाहेर येऊ शकेल का, हा प्रश्न अशा प्रत्येक गाडीच्या मालकाने स्वतःला विचारावा.

“आमची मुले नाही का वाढली?”

वाढली, हे खरेच. पण तेव्हाचा रस्ता आठवून पाहा. घोडनदीच्या पुलावरून किंवा पाटस-यवतच्या रस्त्यावरून तेव्हा किती गाड्या जात आणि किती वेगाने? आज पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर हे दोन्ही महामार्ग रात्रंदिवस वाहतात. औद्योगिक वसाहतींचे कंटेनर, खाजगी बस आणि हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला जाताना अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते, हे या भागातील प्रत्येक चालक जाणतो. गाडी तीच राहिली. रस्ता पार बदलला.

मागची सीट सुरक्षित असते, हा समजही अर्धाच खरा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघेही दगावले. त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी आधुनिक आणि भक्कम होती. पुढचे दोघे जखमी होऊनही बचावले.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता गाडी चालवणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. ‘चालवू देणाऱ्यास’ हे शब्द गाडीचे मालक असलेल्या आजोबांनी लक्षात ठेवावेत.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा सहलीसाठी नव्हे. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची हौस मोठी. तेथील नियम विचार करण्याजोगा आहे. मुळातच पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालील मूल नेण्यास तेथे मनाई आहे, आणि त्याहून मोठ्या मुलांनी मागेच बसायचे असते.

गाडी लागली, की धूर लागला?

जुन्या गाडीत मुलांना मळमळते, डोके दुखते, झोप येते. आपण म्हणतो, “गाडी लागली.” पुष्कळदा ते खरेही असते. मागच्या बुटक्या सीटवरून मुलाला बाहेरचे दिसत नाही. डोळ्यांना स्थिर जग दिसते आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हालचाल जाणवते. या विसंगतीतून मळमळ होते. हलका आहार, मोकळी हवा आणि दूरवर पाहत राहणे हे साधे उपाय त्यावर चालतात.

परंतु सायलेन्सर गंजून फुटला असेल, डिकीचे किंवा तळाच्या पत्र्याचे रबर सुटले असेल, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याची लक्षणे हुबेहूब गाडी लागल्यासारखीच असतात. मुले भरभर श्वास घेतात, आणि हृदयविकार असलेल्या वृद्धांना थोड्याशा वायूनेही त्रास होतो. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. गाडीतील एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, किंवा बाहेर येताच बरे वाटले, तर तो धूर समजावा. गाडी थांबवून सर्वांना उघड्या हवेत आणावे. कोणी गुंगीत असेल, तर विलंब न लावता १०८ला फोन करावा.

न्यायचेच असेल तर

• तान्ह्या बाळाला किमान १५ महिन्यांपर्यंत, आणि आसन परवानगी देईल तोवर पुढेही, मागे तोंड करूनच बसवावे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान कोवळी असते. या आसनात धक्का सबंध पाठीवर पसरतो. ते आसन जुन्या गाडीत घट्ट बसत नसेल, तर बाळाने त्या गाडीतून जाऊ नये.

• एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेले आसन कदापि ठेवू नये.

• मोठ्या मुलाला उंची सुमारे १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर आसन द्यावे. पट्टा गळ्यावरून नव्हे, खांद्याच्या मध्यावरून आणि पोटावरून नव्हे, मांड्यांच्या मुळाशी यावा.

• केवळ कमरेचा पट्टा मुलासाठी अपुरा आहे. धक्क्यात शरीर त्यावर दुमडते आणि आतडी व कण्याला इजा होऊ शकते.

• जुन्या गाडीत पट्टे बसवता येतात. मात्र ते गंजलेल्या पत्र्याला नव्हे, मजबूत सांगाड्याला आणि लोखंडी पट्टीचा आधार देऊन जाणत्या कारागिराकडूनच बसवावेत. व्हिंटेज नोंदणी असल्यास आधी आरटीओत विचारावे.

• जितके पट्टे, तितकीच माणसे. “एवढे काय, सरकून बसू” याला येथे जागा नाही.

• उभ्या गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते, आणि जुन्या गाडीची काच मुलाच्या हाताने उतरेलच असे नाही.

आजोबांसाठी एक शब्द

या साऱ्यामुळे जुनी मोटार मोडीत काढा, असे कोणी म्हणणार नाही. ती स्मृती आहे आणि स्मृतीही आरोग्याला लागते. नातवाला तिचे बॉनेट उघडून दाखवा, कार्बोरेटर कसा चालतो ते सांगा, अंगणात उभ्या गाडीत त्याला स्टिअरिंगशी बसवून हॉर्न वाजवू द्या. फडके देऊन त्याच्याकडून काच पुसून घ्या. मुलांना गाडीचे वेड लागते ते अशाने.

महामार्गावर जायचे असेल, तेव्हा मात्र पट्टे असलेली गाडी काढा. नातवाला त्याच्या आसनात बसवा, स्वतः शेजारी बसा, आपला पट्टा आधी लावा आणि मग त्याचा हात हातात घ्या. आजीची माया त्याला तेवढ्यानेही पोचते.