पोकर म्हणजे पाच पानांची तीन पत्ती नव्हे

दिवाळीच्या दिवसांत ज्या घरांत पत्त्यांची कॅट बाहेर निघते, तिथे आताशा तीन पत्तीच्या जोडीला पोकरही रंगतो. बहुतेक ठिकाणी खेळतात तो प्रकार टेक्सास होल्डम. प्रत्येकाला दोन बंद पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी पानं, आणि या सातांतून जुळतील ती सर्वांत चांगली पाच. नियम तासाभरात येतात. घोळ होतो तो तीन पत्तीची सवय घेऊनच लोक पोकरला बसतात म्हणून. तो घोळ पानांच्या हिशेबात होतो, पैशांत होतो आणि कायद्याच्या बाबतीतही होतो.

‘कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा’

तीन पत्तीत मोठा, पोकरमध्ये लहान. यावरून हमखास वाद होतो. दोन्ही खेळ आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण जो हात क्वचित लागतो तो मोठा, हे तत्त्व दोन्हींकडे एकच आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. पाच पानं घेतली की हात होतात २५,९८,९६०, आणि पारडं फिरतं. सिक्वेन्स १०,२००, कलर फक्त ५,१०८. म्हणून पोकरमध्ये कलर वर.

गंमत अशी, की तीन पत्तीने हे तत्त्व स्वतः पुरतं पाळलेलं नाही. ट्रेल ५२ प्रकारे लागते, प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारेच. तरी मान ट्रेलचा. तीन एक्के हातात आल्यावर कुणापुढे नमायचं, हे कुणाला पटलं नसावं.

‘बरोबरी झाली तर इस्पिकवाला जिंकतो’

होल्डममध्ये इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे सारखे. दोघांची पाच पानं बरोबरीची निघाली तर पैसे निम्मे निम्मे. इथे ‘पाच’ या शब्दावर जोर आहे, सहावं पान मोजायचंच नाही. समजा मध्ये दोन एक्के, राजा, सत्ती आणि दुर्री पडली आहे. एकाच्या हातात राजा-सत्ती, म्हणजे एक्के, राजे, सत्त्या अशा तीन जोड्या. दुसऱ्याकडे राजा-राणी, जोड्या दोनच. जिंकतो दुसरा! पहिल्याची पाच पानं म्हणजे दोन एक्के, दोन राजे आणि एक सत्ती. दुसऱ्याचीही तीच, फक्त सत्तीच्या जागी राणी. तीन जोड्या असा हात पोकरमध्ये नाहीच.

‘ज्याचा खिसा जड, तो समोरच्याला उठवतो’

तीन पत्तीत चाल वाढवत नेऊन कमी पैसेवाल्याला पॅक करायला लावता येतं. सिनेमातल्या पोकरमध्येही गड्यांना घड्याळ, गाडी, घराची कागदपत्रं मध्ये टाकताना आपण पाहिलं आहे. प्रत्यक्षात डाव सुरू होताना तुमच्यासमोर टेबलावर जेवढे चिप्स असतात तेवढेच त्या डावात लागतात. मध्येच खिशात हात घालता येत नाही. आणि समोरच्याएवढे चिप्स नाहीत म्हणून कुणी डावाबाहेर होत नाही. एकाकडे ५००, इतर दोघांकडे दोन-दोन हजार, आणि तिघांनीही सगळं लावलं, तर मुख्य ढिगात तिघांचे ५००-५०० मिळून १,५०० जातात. उरलेल्या ३,००० चा वेगळा ढीग होतो आणि तो त्या दोघांपुरताच. सर्वांत भारी पानं पहिल्याची निघाली तर त्याला १,५०० मिळतील, पण दुसऱ्या ढिगावर त्याचा हक्क नाही. घरच्या खेळात सर्वांत जास्त चुका या वाटणीत होतात. हिशेब पक्का असलेल्या एकालाच हे काम द्यावं.

‘सगळा नशिबाचाच खेळ’ आणि ‘सगळा डोक्याचाच खेळ’

दोन्ही अर्धवट खरं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेला ‘लिब्रेटस’ हा संगणक-प्रोग्राम २०१७ मध्ये चार नामवंत व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक असा पोकर खेळला आणि सपशेल जिंकला. निव्वळ नशिबाच्या खेळात यंत्राला असा विजय मिळाला नसता. पण त्या सामन्यात १,२०,००० डाव खेळले गेले, हेही विसरू नका. कौशल्य दिसायला डाव असे ढिगाने लागतात. तुमच्या घरच्या एका रात्रीत होतील शे-दीडशे, आणि तेवढ्यात नवखा माणूस जुन्या खेळाडूला आरामात लुबाडून जाऊ शकतो.

एक्क्यांची जोडी घ्या. पहिल्या दोन पानांत ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोर एकच गडी असेल तर शंभरातून सुमारे ८५ वेळा ती टिकते. दहाही जण शेवटपर्यंत थांबले तर जेमतेम ३१ वेळा. म्हणूनच जाणता खेळाडू ती लपवून बसत नाही, सुरुवातीलाच रक्कम वाढवून गर्दी कमी करतो. पोकरमधलं कौशल्य बरंचसं या अशा हिशेबात असतं. डोळ्यांत डोळे घालून मन वाचणं वगैरे सिनेमासाठी ठीक आहे.

‘आपल्या घरात खेळतोय, कायद्याचा काय संबंध?’

संबंध आहे. दिवाळीला सूट असते ही तर निव्वळ समजूत. महाराष्ट्रात जुगाराला लागू असलेला मूळ कायदा १८८७ सालचा. घर असो की क्लब, जागेचा किंवा साहित्याचा मोबदला म्हणून किंवा अन्य मार्गाने खेळातून जागामालकाला फायदा होत असेल, तर ती जागा ‘जुगारअड्डा’ ठरू शकते. केवळ कौशल्याच्या खेळांना याच कायद्याने सूट दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला. रमीतूनही क्लब स्वतः नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असंही बजावलं.

पोकरच्या बाबतीत देशात एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या कायद्याने त्याला जुगारातून वगळलं आहे, नागालँडने कौशल्याच्या खेळांत घातलं आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा ठरवला. त्यामुळे ‘पोकर कायदेशीर आहे हो’ असं छातीठोक सांगणाऱ्याला, कुठल्या राज्यात, एवढंच विचारावं. ‘गोव्यात चालतं’ हे उत्तर मुंबई-पुण्यात कामाचं नाही. गोव्याने आपल्या १९७६ च्या कायद्यात नंतर दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांना आणि मांडवीतल्या जहाजांना परवान्याची वाट काढून दिली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला.

मोबाइलवरची गोष्ट आणखी निराळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आहे, आणि तिथे कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. शिवाय पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, आणि आधीची हार त्यातून वजा होत नाही. ‘महिन्याचा हिशेब केला तर मी तोट्यातच आहे’ हे आयकर खातं ऐकून घेत नाही.

मग घरी डाव मांडायचाच नाही का?

मांडा, पण पैशांविना. चिप्स सगळ्यांना सारखे वाटा, शेवटी ज्याच्याकडे सर्वांत जास्त तो जिंकला. पाठीच्या रंगाने वेगळ्या दोन कॅट ठेवा, म्हणजे एक वाटली जात असताना दुसरी पिसून होते. दोघंच उरले की पानं वाटणाऱ्याने छोटा ब्लाइंड (पानं वाटण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी लहान) लावायचा, हा नियम आधीच सांगून ठेवा, कारण जुने खेळणारेही इथे चुकतात. खेळ थांबवायची वेळ पहिलं पान वाटण्याआधी ठरवा. आणि चहा-फराळाच्या नावाखालीसुद्धा कुणाकडून डावामागे काही घेऊ नका. फराळ घरमालकाच्या खर्चाने.