बैल थांबतो, यंत्र थांबत नाही



निपाणी, चिकोडी, संकेश्वर या आपल्या भागात एके काळी दारोदारी बैलजोडी असे. कुळव धरणारा ठेच लागून पडला, तर बैल दोन पावलांवर थांबत. मुक्या जनावराला धन्याची जाण असते. आज बैलांच्या जागी छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे रोटाव्हेटर, म्हणजे आपला रोटर, आला आहे. दिवसाचे काम तासात होते, ही सोयच आहे. परंतु या यंत्राला धनी कोण, पोर कोण, ढेकूळ कोणते, हे कळत नाही. म्हणून थांबण्याची जी अक्कल पूर्वी बैलाजवळ होती, ती आता चालवणाऱ्याने बाळगली पाहिजे.

रोटर कसा फिरतो?

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जो फिरता दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो बहुधा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याला जोडलेल्या शाफ्टवर लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा किंवा गळ्यातला टॉवेल अडकला, तर एका सेकंदात दीड मीटरच्या आसपास कापड गुंडाळले जाते. ‘अरे’ म्हणायच्या आत माणूस ओढला जातो. म्हणून शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण फुटले असेल, तर नवे बसवल्याशिवाय काम सुरू करू नये. चालत्या शाफ्टवरून ओलांडून जाऊ नये.

पात्यांत तंबाखूची धाटे किंवा उसाची मुळे अडकली, की घाईत पायाने ढकलण्याचा मोह होतो. अशा वेळी आधी पीटीओ बंद करावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि पाती पूर्ण थांबल्यावरच खाली उतरावे. उचललेल्या रोटरखाली हात घालायचा असेल, तर त्याला भक्कम लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्यावा. नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबू नये. नळी फुटली किंवा कोणी लिव्हर हलवला, तर सगळा भार अंगावर येतो.

बसायची जागा एकच

घरभेटीला जाताना मला पुष्कळदा दिसते की बाप गाडी चालवतो आणि मडगार्डवर पोरगा बसलेला असतो. बापाला त्याचे कौतुक वाटते, पोरालाही मौज वाटते. पण एका गचक्याने पोर मागच्या चाकाखाली किंवा रोटरसमोर पडते, आणि क्लच दाबेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. ट्रॅक्टरवर सीट एक आहे, तेव्हा माणूसही एकच बसावा. रान नांगरताना पोरांना बांधावरसुद्धा उभे करू नये, त्यांना घरीच ठेवावे. गाडी मागे घेण्यापूर्वी उतरून मागे पाहावे.

गाडी उलटते कशी?

उसाच्या फडात मागची चाके रुतली, की कित्येक जण चाकापुढे ओंडका घालून जोर लावतात. चाक फिरायला जागा नसली, की इंजिनाचा जोर पुढचे तोंड वर उचलतो आणि गाडी पाठीवर पडते. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. अशा वेळी गाडी सावकाश मागे काढावी, नाहीतर दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी, वर कधीही बांधू नये. विहीर, ओढा किंवा कालव्याच्या काठापासून, जितकी खोली तितके तरी अंतर ठेवावे. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकचे पेडल कडीने एकत्र जोडावेत, नाहीतर एकच चाक अडून गाडी फिरते.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाच्या रक्षणाची लोखंडी चौकट सक्तीची झाली, आणि उलटून मरणाऱ्यांची संख्या खूप घटली. आपल्या गाडीला अशी चौकट असेल, तर सीटचा पट्टाही बांधावा. चौकट नसेल, तर पट्टा बांधू नये.

काम संपल्यावर

रोटर जमिनीवर टेकवून ठेवावा. हँडब्रेक लावावा आणि किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. गरम इंजिन कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात उभे करू नये. डिझेल इंजिन थंड झाल्यावरच भरावे, आणि डिझेलचा कॅन चुलीपासून दूर ठेवावा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी, कारण रिकाम्या टाकीत दमटपणामुळे पाणी जमते. बॅटरीची ऋण वायर आधी काढावी. पाती धुऊन त्यांना जुने ऑइल लावावे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

अपघात झालाच तर

आधी इंजिन बंद करावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद, माती, रॉकेल लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि जखमीबरोबरच न्यावी. १०८ क्रमांकाला फोन करावा. धनुर्वाताची लस टोचून घेण्यास विसरू नये.

किल्ली काढून खाली उतरायला अर्धे मिनिट लागते. तेवढे अर्धे मिनिट रानात रोज खर्च करावे, म्हणजे संध्याकाळी घरची सगळी माणसे धडधाकट जेवायला बसतील.