घटना सोप्या मराठीत आणावी काय?

महाराष्ट्रातील शाळांत रोज सकाळी राज्यघटनेची उद्देशिका वाचली जावी, असा नियम सरकारने २६ जानेवारी २०२० पासून केला. नियम चांगला आहे; त्याविरुद्ध आम्हांस एक अक्षरही लिहावयाचे नाही. परंतु 'सार्वभौम', 'गणराज्य', 'अभिव्यक्ती' हे शब्द मुलांच्या तोंडी बसले म्हणजे त्यांचा अर्थ मनात उतरला, असे समजणे ही शुद्ध आत्मवंचना होय. रामरक्षा अर्थ न कळताही पाठ होते, आणि तिने निदान अंधारातली भीती जाते. उद्देशिका अर्थ न कळता पाठ केल्याने कोणाचीच भीती जात नाही. तहसीलदाराची नाही आणि फौजदाराचीही नाही.

म्हणून घटनेचा मजकूर आजच्या बोलत्या मराठीत नव्याने लिहून काढावा, ही सूचना हसण्यावारी नेऊन चालणार नाही. सरकारने प्रसिद्ध केलेले 'भारताचे संविधान' मराठीतच आहे, मग आणखी मराठी कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, तेथे शब्द मराठी असले तरी वाक्याचा सांगाडा इंग्रजी आहे. क्रियापदापर्यंत पोहोचेपर्यंत वाचकाचा दम निघून जातो. आम्ही कायद्याच्याच धंद्यातले; तरी कित्येक अनुच्छेदांचा मराठी अर्थ लावण्यास आम्हांस इंग्रजी प्रत उघडावी लागते, हे लाजिरवाणे असले तरी खरे आहे.

हा प्रश्न केवळ भाषेच्या हौसेचा नाही, हे पटविण्यास नागपूरचे एक प्रकरण पुरे आहे. तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली एका गृहस्थास अडकविले आणि स्थानबद्धतेची कारणे त्यांच्या हाती दिली ती इंग्रजीत. गृहस्थांस इंग्रजी येत नव्हते. त्यांनी हिंदी प्रत मागितली, ती नाकारण्यात आली. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे, तेवढे पुष्कळ झाले, आणि राज्यकारभाराची भाषा अद्याप इंग्रजीच आहे, असा सरकारचा बचाव होता. उच्च न्यायालयाने तो मानला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मात्र तो फेटाळला, आणि अडकविलेल्या माणसास समजेल अशा भाषेत व लिपीत कारणे मिळाली नाहीत तर ती कळविलीच नाहीत असे होते, असा निर्णय देऊन त्या गृहस्थांस मोकळे केले. माणसास कळले नाही तर सांगितले असे होत नाही, हे तत्त्व एका हुकुमास लागू पडते. मग ज्या घटनेच्या आधारे तो हुकूम तपासावयाचा, तिला ते का लागू पडू नये?

आता विरुद्ध पक्ष. वकीलमंडळींचे म्हणणे असे की, घटनेतील शब्द हालविला की हक्क हालतो. हे म्हणणे अगदी खरे आहे, आणि ते धंद्याच्या स्वार्थातून निघाले म्हणून टाकून देता येत नाही. एकविसावा अनुच्छेद घ्या. कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाचे जीवित अथवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. अमेरिकन घटनेच्या धर्तीवर 'उचित' कार्यपद्धतीचे शब्द घालावेत, असा आरंभी विचार होता. घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांची भेट घेतल्यावर तो मागे पडला. परिणाम काय झाला? १९५० साली गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की, विधिमंडळाने केलेला कायदा जी पद्धत सांगेल ती पुरे. १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, ती पद्धत न्याय्य व वाजवी असली पाहिजे. घटनेतला शब्द तोच राहिला. अठ्ठावीस वर्षांत अर्थ मात्र पालटला. सोपे करणाऱ्याने 'कायदा सांगेल तसे' असे लिहिले तर त्याने १९५० चा निकाल लिहिला, आणि 'न्याय्य रीतीवाचून' असे लिहिले तर १९७८ चा. दोन्ही सोपेच आहेत!

दुसरा खड्डा याहून साधा दिसतो, म्हणून अधिक धोक्याचा. सोपे लिहिण्याच्या भरात जिकडेतिकडे 'नागरिक' हा शब्द पडतो. परंतु भाषणस्वातंत्र्याचा एकोणिसावा अनुच्छेद नागरिकांपुरता आहे, तर चौदावा आणि एकविसावा या भूमीवर असलेल्या प्रत्येक माणसाचा आहे, मग तो परदेशी का असेना. एका शब्दाच्या ढिलाईने परक्याचे संरक्षण पुसले जाते आणि लिहिणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो.

मग करावे काय? येथे आम्हांस ज्ञानेश्वरांची आठवण होते. शके १२१२ मध्ये त्यांनी गीता मराठीत आणली, तेव्हा मूळ श्लोक पुसले नाहीत. सातशे श्लोकांना सुमारे नऊ हजार ओव्यांची जोड दिली. सोपे करणे म्हणजे आखूड करणे, हा आजचा समज त्यांना ठाऊक नव्हता. घटनेची सोपी मराठी प्रतही मूळ मजकुराशेजारी उभी राहावी, त्याच्या जागी नव्हे. आणि जेथे अर्थ न्यायालयाच्या निकालाने ठरला आहे, तेथे तसे वर्षासह खाली सांगावे. हेन्केन यांच्यासारखी नव्हे, मेंकेन यांच्यासारखी (नावाची चूक आमच्याच जुळाऱ्याने एकदा केली होती) तऱ्हा आम्हांस नको. या अमेरिकन पत्रकाराने १९२१ साली आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा रस्त्यावरच्या बोलीत लिहून काढला. ती थट्टा म्हणून फक्कड आहे, पण थट्टेवर कोणाला जामीन मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९६ साली आपली घटना मुळातच साध्या भाषेत लिहिली आणि इंग्रजी कायद्यातले ते जुनाट 'शॅल' टाकून दिले. आपल्याला ती सोय राहिलेली नाही. आपला मूळ ग्रंथ १९४९ साली स्वीकारला गेला, आणि जोड देणे तेवढे आपल्या हाती आहे.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना एक विनंती. जामीन, वकील, हुकूम, फिर्याद हे शब्द फारसी-अरबीतून आले असतील. पण खेड्यातल्या म्हातारीलाही ते कळतात. त्यांना हाकलून संस्कृत पाहुणे आणावयाचे असतील तर हे काम हाती न घेतलेले बरे. उलट काही ठिकाणी संस्कृत शब्दच बारकाईने निवडावा लागतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत जो नवा शब्द आला, त्याला मराठीत 'धर्मनिरपेक्ष' आणि अधिकृत हिंदीत 'पंथनिरपेक्ष' म्हटले आहे. धर्म आणि पंथ यांत किती अंतर आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

सुरुवात सगळ्या ग्रंथापासून न करता बाविसाव्या अनुच्छेदापासून करावी. अटकेसंबंधीचे आपले नियम प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक जागी लावावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू यांच्या प्रकरणात सांगितले आहे. त्या फळ्यावर शेजारीच असे लिहावे: 'तुम्हांला अटक का केली, हे तुम्हांला लवकरात लवकर सांगितले पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला तुम्हांला घेता आला पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुम्हांला जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. त्यांच्या हुकुमावाचून त्याहून अधिक वेळ अडकवून ठेवता येणार नाही. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धता असेल, किंवा अटक झालेला इसम शत्रुराष्ट्राचा असेल, तर हे नियम लागू नाहीत.' शेवटचे वाक्य वाचून कोणाचेही मन आंबेल, आणि ते गाळावे असा मोह लिहिणाऱ्यास होईल. ते गाळावयाचे नाही.